परभाषेच्या उंबरठ्यावर

परदेशी शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसांत सर्वाधिक उणीव कशाची भासते, असे कुणाला विचारले, तर घरच्या जेवणाची, आपल्या माणसांची, हवापाण्याची, अशी उत्तरे येतील. ती खोटी नाहीत. परंतु भाषा शिकण्यासाठीच जो परदेशी जातो, त्याची अडचण थोडी निराळी असते. वैद्यकाचा किंवा यंत्रशास्त्राचा विद्यार्थी आपली विद्या बरोबर घेऊन जातो. भाषेच्या विद्यार्थ्याला मात्र विमानातून उतरताच ती दाराबाहेर ठेवावी लागते. काल-परवापर्यंत चारचौघांत नीट बोलणारी व्यक्ती मीठ मागण्यासाठी बोट दाखवू लागते. वाचकहो, हा अनुभव मी घेतला आहे. त्या दिवसांत मला जे उमगले, ते आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी परभाषा शिकावयास निघाल्यास उपयोगी पडेल, या आशेने येथे मांडीत आहे.

मी मूळची मालवणकडची. मराठी घेऊन पुण्यास बी. ए. झाले आणि एका मासिकाच्या संपादक-वर्गात भाषांतराच्या कामास लागले. चीनमधील कथा, लोककथा, बालसाहित्य आमच्याकडे येई ते इंग्रजीच्या वाटेने. एकदा एकाच लोककथेची दोन इंग्रजी भाषांतरे माझ्या टेबलावर आली. गोष्टीतील म्हातारी आपल्या सुनेला एक वाक्य बोलते. एका भाषांतरात ती रागावलेली होती, तर दुसऱ्यात थट्टा करीत होती. मूळ वाक्यात काय आहे, हे विचारावयास मला वाट नव्हती. त्या अस्वस्थतेतून मी संध्याकाळच्या वर्गात थोडी चिनी शिकले आणि चीन सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. तो मंजूर झाला. २०१४ च्या सप्टेंबरात मी सिचुआन प्रांताच्या राजधानीत जाऊन पोहोचले. आपली वृत्तपत्रे त्या शहराला 'चेंगडू' म्हणतात.

निघताना संपादक म्हणाले होते, "महिनाभर तुमची जागा मी रिकामी ठेवतो. मन रमले नाही, तर संकोच न करता परत या." त्यांच्या या चांगुलपणामुळे माझ्या पहिल्या दिवसांना एक मुदत लागली. महिनाअखेरीस राजीनामा तरी पाठवावयाचा होता, नाही तर परतीचे तिकीट तरी काढावयाचे होते.

सिचुआन विद्यापीठाचे जुने आवार नदीकाठी आहे. शेजारच्या उद्यानात बांबूच्या शंभराहून अधिक जाती लावलेल्या असून थांग काळातील श्वे थाओ या कवयित्रीची स्मृती तेथे जतन केलेली आहे. आकाश बहुतेक दिवस करडे असते. त्या प्रांतातील कुत्री सूर्य दिसला की दचकून भुंकतात, अशी चिनी भाषेत जुनी म्हणच आहे. पाऊस न पडता श्रावण लागावा, तसे मला तेथे वाटले.

वर्गात आम्हांला शिकविले जाई ते प्रमाण चिनी. भाजीबाजारात कानी पडे ती त्या प्रांताची बोली. प्रमाण भाषेत 'चार' या शब्दाला दंत्य स आहे आणि 'दहा' या शब्दाला आपल्या मूर्धन्य ष सारखा उच्चार. छोटासाच फरक, पण तेवढ्यावर किंमत ठरते. गावच्या बोलीत तो ष नाहीच. दोन्ही आकडे सकाराने उच्चारतात आणि केवळ सुरावरून ओळखतात. शिवाय बोलीतील सूरही पुस्तकातल्यासारखे नाहीत. भाजीवाल्या बाईंनी माझा गोंधळ पाहिला आणि दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवल्या. चिनी लिपीत 'दहा' हे अक्षर आपल्या बेरजेच्या खुणेसारखे असते. तेच त्यांनी बोटांनी काढून दाखविले. मी दहा युआन दिले. त्यांनी पिशवीत कांद्याच्या पातीच्या चार काड्या वरून घातल्या, आपल्याकडे कोथिंबीर घालतात तशाच.

असे चार-दोन प्रसंग सोडले, तर पहिला आठवडा मी जवळजवळ मूकपणे काढला. रात्री फोनवर आईशी पाच मिनिटे मराठी बोलले, की दिवसभर आवळून धरलेला जबडा सैल झाल्यासारखा वाटे. फोन ठेवला की खोली अधिकच मुकी होई. बाबा फारसे बोलत नसत. "आज तारीख किती?" एवढेच विचारीत. मुदत त्यांनाही ठाऊक होती.

नवव्या किंवा दहाव्या दिवशी विद्यापीठाच्या खानावळीत मी मासळीचे एक पक्वान्न घेतले. वर मिरच्यांचा लाल तवंग होता आणि त्यात मिऱ्याएवढी तपकिरी फळे तरंगत होती. त्यातले एक दाताखाली आले. क्षणभर लिंबाच्या सालीचा वास आला, आणि मग ओठ व जीभ बधिर होऊन झिणझिणू लागली. शेजारच्या फ्रेंच विद्यार्थ्याने घाबरून पाण्याचा पेला ओढला. मी मात्र स्वस्थ बसून राहिले, कारण ती चव माझ्या ओळखीची होती. ते तिरफळ होते! आमच्या घरी बांगड्याचे तिखले तिरफळावाचून होतच नाही. पुढे मी चौकशी केली, तेव्हा कळले की सिचुआनचे ते फळ आणि कोकणातील तिरफळ सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत. वनस्पतिशास्त्रात दोघांची प्रजाती एकच, झँथॉक्झायलम. आणि दोन्ही लिंबाच्या कुळातील.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हातवारे करून हा प्रकार सांगितला. आमच्या शिक्षिका हसल्या व त्यांनी फळ्यावर एक अक्षर लिहिले. उच्चार होता 'मा'. चिनी भाषेतील चार सुरांचे उदाहरण म्हणून हा 'मा' प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्याच पानावर असतो. सपाट उंच सुरात म्हटला तर आई, चढत्या सुरात म्हटला तर ताग-अंबाडीसारखी वाखाची वनस्पती, खाली जाऊन वर आला तर घोडा, आणि वरून झटक्याने खाली आला तर रागे भरणे. पुण्यास असताना मी हे तक्त्यासारखे पाठ केले होते आणि प्रत्यक्ष बोलताना ते कधी आठवत नसे. शिक्षिकांनी सांगितले, की त्या दुसऱ्या, चढत्या 'मा'चा आणखी एक अर्थ 'बधिर, झिणझिणणारे' असा आहे, आणि सिचुआनच्या जेवणाचे वर्णनच मुळी 'मा-ला', म्हणजे झिणझिणीत आणि तिखट, असे करतात. तो सूर त्या दिवसापासून माझ्या जिभेवर बसला.

तेव्हा माझ्या मनात आले, की जिभेला जे ओळखीचे निघाले, ते कानाला का निघू नये? त्या रात्री मी नवी वही घेतली आणि ऐकलेले चिनी शब्द प्रथमच देवनागरीत लिहू लागले. परदेशी विद्यार्थी चिनी शिकतो तो पिनयिन पद्धतीने. रोमन अक्षरांची ही पद्धत चीनने १९५८ साली स्वीकारली. पद्धत उत्तम आहे. परंतु रोमन अक्षर दिसले, की आपली दृष्टी आपोआप इंग्रजीकडे वळते. पिनयिनमध्ये 'बी' या अक्षराने लिहितात तो ध्वनी आपल्या प च्या जवळचा, आणि 'पी' ने लिहितात तो फळातल्या फ च्या जवळचा. तसेच 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ, 'जी' म्हणजे क आणि 'के' म्हणजे ख. जेवण झाल्यावर 'पाओ ल' म्हटले तर 'पोट भरले', आणि 'फाओ ल' म्हटले तर 'पळून गेला'! माझ्या फ्रेंच सहाध्यायाला हा भेद ऐकू येण्यासाठीच कित्येक दिवस खर्चावे लागले. 'पळ' आणि 'फळ' यांतला फरक आपण बालवाडीत शिकून मोकळे झालेले असतो.

याहून मौजेची गोष्ट आपल्या च ची. चित्रातला च आणि चुलीतला किंवा चाकातला च एकाच अक्षराने लिहिले तरी निराळे आहेत, हे मराठी मूल नकळत शिकते. हा चुलीतला च चिनी भाषेत पदोपदी भेटतो. कानपूरच्या माझ्या मैत्रिणीला तो मुद्दाम घटवावा लागला; मला तो घरच्या चुलीजवळच मिळाला होता. आणि ते शहर? 'चेंगडू' म्हटल्यावर रिक्षावाला माझ्या तोंडाकडे पाहत राही. वहीत मी ऐकले तसे लिहिले, 'छंग-तू', आणि तसेच उच्चारले. त्याने मान डोलावली व पुढचा प्रश्न विचारला.

सूर मात्र देवनागरीत लिहिता येईनात. त्यासाठीही मला आपल्याच बोलण्यात दाखला सापडला. कुणी हाक मारल्यावर आपण 'हं?' म्हणतो, गोष्ट ऐकताना 'हं' म्हणतो, आणि लबाडी उघडकीस आली की 'हंऽऽ!' म्हणतो. अक्षर एक, सूर तीन, अर्थ तीन. आपण सूर केवळ भावासाठी वापरतो. चिनी माणूस त्यांच्यावर शब्दच उभे करतो. म्हणजे कानाला हे काम सर्वस्वी नवे नव्हते, अधिक काटेकोर होते इतकेच.

वसतिगृहाच्या दाराशी एक वयस्क परिचारिका बसत. अशा बाईंना तेथे 'आ-यी' म्हणतात. त्याचा अर्थ मावशी. परंतु ऐकताना मला तो आईच्या जवळचा वाटे. गरम पाण्याचा थर्मास भरावयास गेले, की त्या माझ्याकडून 'गरम पाणी' हे शब्द म्हणवून घेत, हवेत हाताने सुराचा चढ-उतार काढून दाखवीत, आणि सूर बरोबर लागेपर्यंत थर्मास हाती देत नसत. प्रथम मला याचा संकोच वाटला. मग एक गोष्ट ध्यानात आली. जो पाहुणा उद्या जाणार आहे, त्याचे उच्चार कुणी दुरुस्त करीत बसत नाही. मी राहणार, असे त्या मावशींनी माझ्याआधीच गृहीत धरले होते.

तिसऱ्या आठवड्यात मैत्रिणीबरोबर मी जनउद्यानातील जुन्या चहागृहात गेले. झाकण, वाटी आणि बशी अशा तीन भागांच्या भांड्यात तेथे मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला चहा देतात. लोक दुपारभर बसून राहतात, आणि कान साफ करणारे कारागीर पोलादी चिमटा झणत्कारीत टेबलांमधून हिंडत असतात. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी आमचा देश विचारला. 'यिन-तू', म्हणजे भारत, असे मी सांगताच त्यांनी बोट उंचावून म्हटले, "ख ती-ह्वा!" मला उलगडा होईना. त्यांनी सावकाश सांगितले : डॉक्टर, भारतीय, युद्ध. मग माझ्या अंगावर काटा आला. ते कोटणीसांचे नाव होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच निवर्तले. त्या पथकातील डॉक्टरांच्या चिनी नावांअखेर 'ह्वा' हे अक्षर आहे, आणि त्याचा अर्थ चीन. परक्या देशातल्या त्या वृद्धाच्या तोंडून मी एका मराठी माणसाचे नाव ऐकत होते, आणि माझ्या कानांना ते आता कळत होते.

त्याच रात्री मी संपादकांना ई-मेलने राजीनामा पाठविला. बाबांना तारीख सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "बरे झाले. आता तिरफळे पाठवायला नकोत."

पुढे वाचनात आले, की ज्याला आपण ह्युएनत्संग म्हणतो, त्या यात्रेकरूने ६२२ साली याच छंग-तू शहरी भिक्षूची पूर्ण दीक्षा घेतली होती. बौद्ध ग्रंथांची उपलब्ध चिनी भाषांतरे एकमेकांशी जुळत नाहीत, हे शल्य मनात घेऊन तो भारतात आला. नालंदेस संस्कृत शिकला, दुसऱ्या पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्र पाहून गेला, आणि ६४५ साली परतल्यावर मरेपर्यंत १९ वर्षे मूळ संस्कृतावरून भाषांतरे करीत राहिला. त्या थोर पुरुषाशी स्वतःची तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु मुळापर्यंत स्वतः चालत जावे, ही ओढ मात्र मला ओळखीची वाटली.

दोन वर्षांनी मी परतले आणि पुन्हा भाषांतराच्याच कामास लागले. ती लोककथा मूळ चिनीत वाचली. म्हातारी रागावलेलीही नव्हती आणि थट्टाही करीत नव्हती. तिच्या वाक्याच्या शेवटी एक लहानसा 'आ' होता, जवळिकीचा. इंग्रजीत त्याला जागा सापडली नव्हती. मी मराठीत तेथे 'गं' लिहिले.

वाचकहो, परभाषा शिकताना मातृभाषा विसरावी लागते, असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव निराळा आहे. आपली भाषा जितकी पक्की, तितके परक्या भाषेत पाऊल ठेवावयास ठिकाण अधिक. म्हणून आपल्या मुलांनी जपानी, जर्मन वा चिनी भाषेची वही उघडली, तर पहिल्या पानावर त्यांना ऐकलेले शब्द खुशाल देवनागरीत लिहू द्यावेत. पुढची पाने त्यांना त्या त्या लिपीत लिहावी लागतीलच.