कोड पुरविणें

आमच्या भाषेंत ‘कोड’ हा शब्द जुना आणि मोठा लडिवाळ आहे. मुलाचें कोड पुरवावें, माहेरीं आलेल्या लेकीचें कोडकौतुक करावें, असें आपण म्हणतों. आणि त्यांत मागणाराचा हट्ट व देणाराचा जिव्हाळा हे दोन्ही एकत्र नांदतात. दुसरा ‘कोड’ इंग्रजींतून आला. त्याचा अर्थ संकेत, गुप्त खूण; किंवा हल्लींच्या मुलांच्या तोंडीं, खेळांत भरली असतां बक्षीस मिळवून देणारी अक्षरांची ओळ. हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहींत हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि व्हिडिओ गेमच्या जगांतला सर्वांत प्रसिद्ध कोड ज्या रीतीनें जन्मास आला ती पाहतां, या दोहोंचें नातें मानलेलें तरी असावें, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

ती हकीकत अशी. सन १९८६ मध्यें जपानांतील कोनामी कंपनीनें ‘ग्रॅडियस’ नांवाचा आपला खेळ नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रावरून घरगुती यंत्रावर आणला. हें काम काझुहिसा हाशिमोतो यांजकडे होतें. खेळ तयार झाला म्हणजे तो खेळून तपासावा लागतो. आणि हाशिमोतो यांस हा खेळ फार अवघड जाऊं लागला. तेव्हां त्यांनीं आपल्यापुरती एक पळवाट ठेविली. खेळ मध्येंच थांबवून वर, वर, खालीं, खालीं, डावें, उजवें, डावें, उजवें, बी, ए, अशीं बटणें दाबलीं कीं विमानास बहुतेक सारीं शस्त्रें एकदम मिळत. वापरावयाचा तो आपणच, म्हणून क्रम त्यांनीं सहज लक्षांत राहील असा योजिला. पुढें ती पळवाट विक्रीच्या प्रतींतही राहून गेली आणि लोकांस सांपडली. कर्त्यानें स्वतःचें कोड पुरविलें, तें साऱ्या जगाच्या मुलांना पुरलें. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारींत वारले.

आमच्याकडे मात्र हा क्रम ग्रॅडियसमधून आला नाहीं. तो ‘कॉन्ट्रा’मधून आला. धांवत, उड्या मारीत, गोळ्या झाडीत पुढें जाण्याचा हा खेळ १९८७ सालीं नाण्याच्या यंत्रावर व १९८८ सालीं घरगुती यंत्रावर निघाला. त्याचे टप्पे आठ. पहिला अरण्याचा, तिसरा धबधब्याचा, पांचवा बर्फाळ मैदानाचा. खेळणारास जीव तीन. आणि शत्रूची एक गोळी लागली कीं एक जीव गेला, जखमी होऊन लंगडत पुढें जाण्याची सोय नाहीं. परंतु शीर्षकाचें चित्र पडद्यावर असतांना तोच दहा बटणांचा क्रम दाबून ‘स्टार्ट’ दाबिलें असतां तिनांचे तीस जीव होत. दोघांनीं खेळावयाचें असल्यास मध्यें ‘सिलेक्ट’ दाबावें लागे. एक बटण चुकलें कीं सारें व्यर्थ. आणि साधलें कीं चुकलें हें तत्काळ कळण्यास कांहींच खूण नसे. उरलेल्या जिवांचा आंकडा दिसेपर्यंत श्वास रोखून बसावें लागे. इतकी उत्कंठा पुढच्या आठ टप्प्यांत मिळून नव्हती, असें आमचें मत आहे.

आमच्या घरीं हा खेळ १९९० नंतरच्या दशकांत आला. त्या काळीं आपल्या शहरांतून जीं यंत्रें मिळत तीं बहुधा निंटेंडोच्या यंत्राच्या नकला असत, आणि ज्या चपट्या डबींत खेळ असे तिला आम्ही सारीं मुलें ‘कॅसेट’ म्हणत असूं. कॅसेटीवर ‘९९९९ खेळ’ असें छापलेलें असे. आंत निरनिराळ्या नांवांनीं तेच पांचपंचवीस फिरून फिरून येत. तिच्याबरोबर माहितीची पुस्तिका नसे. कोणतें बटण काय करतें हें दाबून पाहावयाचें, आणि जें दाबूनही कळणार नाहीं तें कोणाच्या तरी मुखांतून यावयाचें. आमच्या सांगलीच्या घरीं तें आमच्या आतेभावाच्या, गिरगांवच्या दादाच्या, मुखांतून आलें. मे महिन्याची सुटी होती.

दादानें तें फुकट दिलें नाहीं. आमच्या वांट्याच्या दोन हापूस आंब्यांवर त्यानें पहिलीं आठ बटणें विकलीं आणि शेवटचीं दोन हातचीं राखून ठेविलीं. तीं दाबतांना तो आमच्याकडे पाठ करी. म्हणजे तीस जीव हवे असल्यास दादा शेजारीं हवा! पण दोन बटणांचे क्रम असून असणार किती? एकंदर चार. तिसऱ्या दिवशीं दुपारीं तो निजला असतां आम्हीं ते चारही करून पाहिले, आणि बी व ए यांनीं दार उघडलें. आम्हीं यंत्र बंद केलें व ही गोष्ट कोणासही सांगितली नाहीं. संध्याकाळीं पुन्हा आंबा दिला, पुन्हा त्याची पाठ पाहिली. कारण उघड आहे. तो आमच्यापेक्षां सहा वर्षांनीं मोठा. गल्लींत त्याच्या वयाचीं मुलें क्रिकेट खेळत होतीं. शेवटच्या दोन बटणांचा अधिकार गेला असता तर तो आमच्यासारख्या लहानग्याबरोबर घरांत कशास बसला असता? आम्हांस तीस जीव एकट्यानें वापरावयाचे नव्हतेच.

आणि दोघांस ते लागतही. धबधब्याच्या टप्प्यांत खडकांवरून उड्या मारीत वर चढावें लागतें, आणि पुढचा गडी वर गेला कीं पडदाही वर सरकतो. मागचा जो कोणी पडद्याच्या खालच्या कडेवर राहील तो मेला. त्यास गोळी लागावी लागत नाहीं, सोबत्याची घाई पुरते. दादा चढे आणि आम्ही मरूं. तीन जिवांत हें घडलें असतें तर भांडण होऊन खेळ मोडला असता. तीस असल्यामुळें दादा वरून म्हणे, “मर, परत ये.” आम्ही परत येत असूं. सुटी संपतां संपतां तो खडकावर थांबूं लागला.

आमचे काका या प्रकारास लबाडी म्हणत. तीस जन्म घेऊन जिंकला तर त्यांत मर्दुमकी कसली, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न अगदींच टाकाऊ नव्हे. परंतु काकांनीं हा खेळ कधीं हातीं धरिला नव्हता. ज्यास उडी साधत नाहीं त्यास तीस जीव दिले तरी तो त्याच दरींत तीस वेळां पडतो, हें त्यांस ठाऊक नव्हतें. जीव वाढले म्हणून हात सुधारत नाहीं. हात सुधारण्यास अवकाश मात्र मिळतो. घरांत दूरदर्शन संच एक, आणि बातम्या लागल्या कीं आमचें राज्य संपलें. त्या तासाभरांत तीन जिवांवर बर्फाचें मैदान आम्हांस कधीं दिसलें नसतें.

कांहीं कोड तर कोणीं ठेविलेलेही नसतात. निंटेंडोच्या ‘मेट्रॉइड’ खेळाची कॅसेट १९८७ मध्यें अमेरिकेंत निघाली; तींत खेळाची स्थिति सांठविण्याची सोय नव्हती, म्हणून खेळाडूस चोवीस अक्षरांची परवल उतरून घ्यावी लागे. काय मिळालें, कोणतीं दारें उघडलीं, हें सारें त्या अक्षरांत गुंफलेलें असे, आणि उतरतांना चूक झाल्यास ती ओळखण्याचा पडताळाही त्यांतच असे. कोणीं तरी त्या जागीं ‘जस्टिन बेली’ हें नांव भरिलें, उरलेल्या घरांत रेघा भरिल्या, आणि नायिका चिलखतावांचून, पण पुष्कळ आयुधांसह उभी राहिली. हा जस्टिन बेली कोण, यावर वर्षानुवर्षें तर्क चालले. वास्तविक तीं अक्षरें पडताळ्यांत बसलीं, इतकेंच. आम्हांस तर्क अधिक आवडतात.

आतां आमच्या भाच्याचे कोड. तो अकरा वर्षांचा आहे आणि फोनवर असाच एक उड्या मारण्याचा व लढण्याचा खेळ खेळतो. खेळाचे कर्ते सणावारीं एखादी अक्षरांची ओळ जाहीर करतात. ती चौकटींत भरिली कीं नाणीं, रत्नें, किंवा नायकाचा नवा पोषाख पदरांत पडतो. दूरच्या यंत्रांत नोंद असते: हा कोड खरा आहे काय, त्याची मुदत आहे काय, या खात्यानें तो पूर्वीं वापरला आहे काय. वापरला म्हणजे तो त्या खात्यापुरता संपला. गेल्या खेपेस भाच्यानें अभ्यास आटोपून रात्रीं नऊ वाजतां ओळ भरिली, तों ‘मुदत संपली’ असें उत्तर आलें. तारीख तीच होती. परंतु ती जपानी घड्याळाची होती, आणि येथें साडेआठ वाजतात तेव्हां तेथें मध्यरात्र होते. त्यास हें समजावितांना आम्हांस आढळलें कीं हा कोड मुलाचें कोड पुरविण्यासाठीं काढलेला नाहीं. मुलानें रोज दारावर येऊन चौकशी करावी यासाठीं काढला आहे. त्यांतही दुसऱ्या दारावर ‘हवे तितके कोड घ्या’ म्हणून हांक मारणारे ठक बसलेले असतातच, आणि त्यांस कोडाच्या मोबदल्यांत खात्याची परवल हवी असते. त्यांच्यापुढें दादाचा दोन आंब्यांचा दर फार सचोटीचा म्हणावा लागेल.

कोनामीनें २०१९ सालीं आपले जुने कॉन्ट्रा खेळ एकत्र करून पुन्हा काढले. त्यांत १९८८ चा खेळही आहे, आणि दहा बटणांचा क्रम आजही त्यांत चालतो. त्यास मुदत नाहीं, खातें नाहीं. परवां रविवारीं आम्हीं तो भाच्यास शिकविला. बोटें तोंडाच्या आधीं चाललीं, म्हणून पुन्हा सावकाश करून दाखवावें लागलें. धबधब्यापाशीं तो चढला आणि आम्ही खालच्या कडेवर अकरा वेळां मेलों. सोमवारीं त्यानें हा क्रम आपल्या एका मित्रास शाळेंत सांगितला, आणि सांगतांना बी व ए यांची अदलाबदल केली. संध्याकाळीं मित्राचा फोन आला.