अंड्याविना लाटके

हनुका म्हणजे ज्यू लोकांची दिवाळी, असं आपण पटकन सांगून मोकळे होतो. आठ दिवस, रोज एक दिवा जास्त आणि भरपूर तळण, त्यामुळे तुलना अगदीच चुकीची नाही. पण मूळ गोष्ट तेलाची आहे. इ.स.पू. १६४ मध्ये मक्काबींनी जेरुसलेमचं मंदिर परत मिळवलं, तेव्हा दिव्यापुरतं शुद्ध तेल एकच दिवसाचं निघालं आणि ते आठ दिवस पुरलं, अशी ती कथा. म्हणून हनुकाला तळलेलं खायचं. पूर्व युरोपातून आलेल्या घरांमध्ये लाटके, म्हणजे बटाट्याच्या किसाच्या कुरकुरीत टिकिया.

इथे न्यू जर्सीत माझ्या टीममधला एक मित्र दोन वर्षांपूर्वी व्हीगन झाला. म्हणजे दूध नाही, तूप नाही, अंडंही नाही. त्याच्या आईचं म्हणणं एकच, अंडं नाही तर तो लाटका नाही. तिच्या आईने ती कृती पोलंडहून आणलेली. दोन हनुका आई त्याच्या घरी फिरकली नाही. गेल्या डिसेंबरात त्याने मला विचारलं, "तुम्ही लोक अंड्याशिवाय सगळं कसं जमवता?" आता ज्याचं अर्धं बालपण उपासाच्या बटाट्याच्या किसावर गेलं, त्याला हे विचारायचं म्हणजे काय! :)

अंड्याचं काम नेमकं काय, ते आधी पाहिलं. मिश्रण धरून ठेवणं, बस. ते काम बटाटा स्वतःच करतो, फक्त त्याला करू द्यायला हवं. एक किलो जुने, पिठूळ बटाटे (इथे रसेट मिळतात) आणि एक मोठा कांदा किसायचा, आलटूनपालटून, म्हणजे बटाटा लवकर काळा पडत नाही. कीस पंचात बांधून अगदी दात-ओठ खाऊन पिळायचा. ते पाणी फेकायचं नाही! दहा मिनिटांनी वरचं पाणी हलकेच ओतून टाकलं की तळाशी पांढरा चीक राहतो. तो किसात परत मिसळायचा, तीन-चार चमचे मैदा, मीठ, मिरपूड. पळीभर मिश्रण गरम तेलात घालून दाबायचं आणि कडा तांबूस होईपर्यंत उलथायचं नाही. घाई केली की मोडलंच.

आता प्रश्न परंपरेचा. बटाटा मुळात दक्षिण अमेरिकेतला, तो युरोपात पोचला सोळाव्या शतकात. त्याआधी इटलीतले ज्यू हनुकाला चीजच्या टिकिया तळत. पूर्व युरोपात तेल महाग, म्हणून हंसाची चरबी वापरत. मांसाबरोबर दूध निषिद्ध, मग चरबीत तळलेल्या लाटक्यांबरोबर सावर क्रीम चालत नसे, सफरचंदाचा सॉस चाले. म्हणजे घटक बदलतच आले. 'लाटके' हा यिडिश शब्दसुद्धा मागे नेत गेलं तर ग्रीकमधल्या तेलाच्या शब्दाशी जाऊन पोचतो. नावात बटाटा नाही, अंडंही नाही.

आपल्या कोकणातले बेने इस्रायल तर तेलाचे घाणे चालवायचे आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मांस आणि दुधाचा तोच नियम सांभाळत त्यांनी नारळाचं दूध वापरलं. जिथे राहिले तिथलं जिन्नस घेतलं, नियम सोडला नाही. हे मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "आईला तूच सांग."

असो. मी काही सांगितलं नाही. ती आली, दिवे लागले, आम्ही तळत राहिलो. तिने सफरचंदाच्या सॉसबरोबर चार खाल्ले. मग म्हणाली, "चांगले आहेत. पण ह्यांना दुसरं काहीतरी नाव द्या." आणि जाताना सहा फॉइलमध्ये बांधून घेऊन गेली.