परकोटाबाहेरची बाजारपेठ

अमरावती

चि. भाच्यास,

अमरावती व अकोला येथील जुन्या व्यापारी इमारतींचे वास्तुविशारद कोण, हा तुझ्या पत्रातील प्रश्न मुंबईच्या मापाने घडलेल्या शिक्षणातून आलेला दिसतो. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनसबरोबर (1878-1888) एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे नाव टिकले, शिकागोत होम इन्शुरन्स इमारतीबरोबर (1885) विल्यम ले बॅरन जेनी यांचे. वऱ्हाडातील पेढ्या आणि कापसाचे जीन-प्रेस मात्र बहुतांशी गवंडी, सुतार व मिस्त्री यांच्या हातच्या असल्यामुळे, तेथे नाव शोधण्यापेक्षा कापसाची वाट शोधणे अधिक उपयोगी ठरते.

अमरावतीचा परकोट, म्हणजे गावाभोवतीचा दगडी तट, पेंढाऱ्यांपासून सावकारांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या अमलात 1807 मध्ये बांधावयास घेतला गेला. त्याचा घेर सुमारे सव्वादोन मैल. आतील जुन्या दुकानात रस्त्याला लागून ओटा, त्यामागे गादी, म्हणजे शेठ आणि मुनीम बसून व्यवहार करीत ती बैठक, पाठीमागे वखार आणि वर राहती माडी असे. माल, हिशेब आणि कुटुंब एकाच कडीकुलपात ठेवणारी ही रचना भीतीच्या काळातील होती, तरी तिच्यात एक शहाणपणही होते.

1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीने लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी रुईकडे वळविले, आणि अकोल्यावरून गेलेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपुरास पोहोचला. तो बडनेऱ्यावरून गेल्याने अमरावतीसारखी जुनी पेठ बाजूला पडली व तिला 1871 मध्ये एका आखूड फाट्याने जोडून घ्यावे लागले. स्थानक तटाबाहेर आले, आणि त्याच्या मागोमाग कापसाचा व्यापारही बाहेर पसरला. अकोल्यात जुन्या-नव्याची अशीच विभागणी मोर्णा नदीने केली: पश्चिम तीरावर असदगडाचे जुने गाव राहिले, तर पूर्वेकडे ताजनापेठेच्या बाजूने नवी वस्ती वाढली.

सरकीपासून रुई सोडविणारा कारखाना तो जीन, आणि ती रुई दाबून गाठ बांधणारा तो प्रेस. जहाजाचे भाडे मालाच्या आकारावर अवलंबून असल्यामुळे सुमारे 392 रत्तलांची गाठ जितकी आवळली जाई तितका व्यापाऱ्याचा फायदा, म्हणून या इमारतींत दर्शनी नक्षीपेक्षा यंत्राला लागणारी उंची आणि बैलगाड्यांना वळता येईल एवढे आवार महत्त्वाचे ठरले. अभ्यासक बहुधा कमानींची चित्रे काढून परततात आणि आवार मोजतच नाहीत, ही मोठी उणीव आहे.

म्हणून मोजणीस येताना लांब फीत आणावी, आणि कमानीच्या आधी फाटकाची रुंदी व त्यापासून वखारीच्या ओट्यापर्यंतचे अंतर नोंदवावे. ऊन कडक असल्याने सकाळी लवकर निघावे.



मामा