परदेशाचं गाइडबुक, हेंद्रेपाड्याच्या कसोटीवर

परदेशी जायचं ठरलं की घरात आधी बॅगांची चर्चा होते, मग थेपले आणि मेतकुटाची. पुस्तकाची आठवण होते ती शेवटी, आणि मग दुकानात जे चकचकीत दिसेल ते उचललं जातं. आमच्या हेंद्रेपाड्यातल्या एका शेजारणीचं थायलंडला जायचं ठरलंय. ती, यजमान आणि पंचाहत्तरीच्या सासूबाई. टूर कंपनीबरोबर नाही, आपले आपण. यजमानांच्या निवृत्तीच्या पैशांतून निघालेली ही सहल, पुन्हा असा योग येईलच असं नाही. म्हणून कोणतं पुस्तक घ्यावं, हा प्रश्न तिला सोन्याच्या खरेदीइतकाच मोठा वाटत होता, आणि मला विचाराल तर तो तेवढाच मोठा आहे.

मी तिला म्हटलं, थायलंड राहू दे, आधी आपलाच भाग बघू. ज्या प्रकाशकाचं थायलंडवर पुस्तक आहे, त्याचं बहुधा भारतावरही असतं. ते उघडायचं आणि महाराष्ट्राची पानं काढायची. दोन्हींचे लेखक वेगळे असतील, पण काय सांगायचं आणि काय गाळायचं याची शिस्त प्रकाशकाचीच असते.

पहिली कसोटी पावसाची. बदलापूर पश्चिमेच्या बाईला पाऊस म्हणजे काय, हे शिकवायला नको. २६ जुलै २००५ आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ला तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. आता पुस्तकात ‘जून ते सप्टेंबर थोडा पाऊस असतो’ एवढंच असेल, तर ते पुस्तक खाली ठेवा. थायलंडमध्येही सगळीकडे एकच पावसाळा नाही. फुकेतकडे तो साधारण मे ते ऑक्टोबर. पलीकडच्या आखातातल्या कोह समुई बेटावर मात्र सर्वांत जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात. शेजारणीने दिवाळीनंतरची तारीख धरलेली आणि मनात समुईचं निळं पाणी! ज्या पुस्तकाने हा फरक पहिल्या दहा पानांत सांगितला, ते तिथल्या तिथे निम्मं पास झालं.

दुसरी कसोटी गुडघ्यांची. आपल्या शेजारच्या अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. तिथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०. कोरीवकामाचं वर्णन कोणीही करील. पण गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे आणि पायऱ्या उतरून जावं लागतं, हे लिहिलंय का? सासूबाईंना घेऊन जाणाऱ्या बाईला शिखराआधी पायऱ्याच कळायला हव्यात. बँकॉकच्या वाट अरुणच्या पायऱ्या चांगल्याच उभ्या आहेत. पुस्तकाने ते सांगावं, आणि राजवाड्यात खांदे-गुडघे झाकलेले लागतात हेही. (साडीवालीला ती चिंता नाही. बर्मुडा घालणाऱ्या यजमानांना मात्र आहे.)

बंद राहण्याचे वारही असेच तपासा. अजिंठा आणि घारापुरी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. यात चूक सापडली, तर परक्या गावाचे वार कोणत्या भरवशावर मानायचे?

खाण्याचं पान मी सर्वांत सावकाश वाचते. ‘शाकाहारी पदार्थ सहज मिळतात’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. थायलंडमध्ये नुसत्या भाजीतसुद्धा ‘नाम प्ला’, म्हणजे माशाचं खारवलेलं पाणी, पडतं. चांगलं पुस्तक ‘जे’ हा शब्द शिकवतं आणि तो थाई लिपीत छापतं. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो दिसला की मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाईंना हे ऐकून थायलंड एकदम जवळचं वाटू लागलं.

फोटोंवर जाऊ नका. लोन्ली प्लॅनेटचं पहिलं पुस्तक टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने १९७३मध्ये सिडनीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार केलं, पानं हाताने जुळवून, हाताने स्टेपल मारून. त्यात दिमाख नव्हता, माहिती होती. आणि पु. लं.चं ‘अपूर्वाई’ किंवा मीना प्रभूंची पुस्तकं जाण्याआधी जरूर वाचा, मन तयार होतं. पण परक्या स्टेशनवर उभं राहून बस शोधायला ती नाहीत.

फूटपाथवर जुनी गाइडबुकं स्वस्त मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण आधी मुख्य पानाच्या मागे आवृत्तीचं वर्ष बघा. देवळं आणि नकाशे जुन्या पुस्तकातले चालतात. भाडी, तिकिटं, व्हिसाचे नियम अजिबात नाही. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३पासून युरो घेतला, त्याआधीच्या पुस्तकात अजून ‘कुना’च आहे. व्हिसाचं तर कोणत्याही पुस्तकावरून ठरवू नका, थेट वकिलातीकडूनच खात्री करा.

पुस्तक जाड असेल तर सगळं ओझं वाहायची गरज नाही. लागतील त्या पानांच्या झेरॉक्स काढा, ‘जे’चं पान सर्वांत वर ठेवा, हॉटेलचा पत्ता थाई अक्षरांत लिहून घ्या आणि सगळं दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवा.