मधला वेळ

आमच्या घरात मूत्रपिंडाला कोणी मूत्रपिंड म्हणत नव्हते. बकरी ईदला कलेजीबरोबर ताटात येतो तो गुर्दा, एवढीच त्याची ओळख. धाकट्या भावाचे दोन्ही गुर्दे निकामी झाले आणि २०११ साली आपाने स्वतःचा एक त्याला द्यायचे ठरवले, तेव्हा आम्ही भावंडे या अवयवाकडे नीट पाहू लागलो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावले. मुठीएवढा, दीडशे ग्रॅमच्या आसपासचा हा अवयव. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन्ही गुर्द्यांकडे जातो, मिनिटाला एक लिटरहून अधिक. तरीही त्याच्या आतल्या भागाला प्राणवायू जेमतेमच मिळतो. म्हणून रक्त थांबले की तिथल्या पेशी लवकर मरू लागतात. शिवाय रक्त परत सुरू झाले म्हणजे धोका टळला असेही नाही. उपाशी पेशींत एकदम आलेला प्राणवायू त्यांनाच इजा करतो, सूज आणतो.

"रोजा सोडताना घटाघटा पाणी पिऊ नका, असे अम्मी सांगते, तसेच ना?" भावाने विचारले. डॉक्टर हसले. म्हणाले, "तसेच समजा."

यावर मोठा उपाय थंडीचा. गुर्दा काढला की तो थंड द्रावणाने धुतात आणि बर्फात ठेवतात. चार अंशांना पेशींची भूक दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. १९५४ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांवर पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, तेव्हा तो गुर्दा ८२ मिनिटे रक्ताविना होता. १९६९ साली कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे द्रावण तयार केले, की त्यात कुत्र्यांचे गुर्दे बर्फावर ३० तास टिकले. तिथून एका गावचा गुर्दा दुसऱ्या गावी नेण्याची वाट मोकळी झाली.

आपाचा गुर्दा मात्र एका खोलीतून शेजारच्या खोलीत जायचा होता. चिमटे सोडताच तो गुलाबी झाला आणि टेबलावरच लघवीचे थेंब दिसले, असे डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले. अम्मीने तिथेच शुक्राचा सजदा केला.

हे सगळे आम्हाला ठाऊक होते, म्हणूनच पुढचे सांगायला जड जाते.

२०१६ साली खालाच्या मुलाला मोटारसायकलचा अपघात झाला. वय सव्वीस. कायद्याप्रमाणे सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी झाली आणि मेंदू मृत असल्याचे सांगितले गेले. मशीनवर छाती हलत होती, हृदय चालू होते. अवयवदानाबद्दल आम्हाला विचारले गेले. रक्तदाब सलाइन आणि औषधांवर धरून ठेवला आहे, तो घसरला की गुर्दे शरीरातच उपाशी पडतील, हेही सांगितले गेले.

आम्ही व्हरांड्यात आलो. एकाने मौलानांना फोन लावला, दुसऱ्याने दुसऱ्या मौलानांना. १९८८ साली जेद्द्याच्या फिक्ह अकादमीने काही अटींवर परवानगी दिली आहे, असे एकजण म्हणाला. आपल्याकडच्या उलेमांत मतभेद आहेत, असे दुसरा म्हणाला. दोघांचेही खरे होते. दुबईहून मामू निघाले होते, ते येऊ देत, असे ठरले. खालाशी बोलायला मात्र कोणी गेले नाही. रात्र सरली. दुसऱ्या दिवशी दुपारी रक्तदाब कोसळला, लघवी थांबली, मग हृदयही. असरनंतर दफन केले.

आम्ही कोणी नाही म्हटले नाही. कोणी होही म्हटले नाही.

चाळिसाव्याला खालाने आपाला जवळ बसवले. "तुमच्या घरात हे सगळे घडले होते. तुम्हाला माहीत होते. मग मला का नाही विचारले?" आपा खाली मान घालून बसली. आम्हीही.

त्या रमजानमध्ये आम्ही सगळे इफ्तारनंतर बसलो आणि ज्याने त्याने आपले सांगितले. अब्बा नको म्हणाले. त्यांचे नको आम्ही लिहून ठेवले आहे. आम्हा चौघांनी फॉर्म भरले. मौलानांना विचारायचे तेही तेव्हाच विचारून घेतले, निवांत, कुणाच्या उशाशी मशीन चालू नसताना.