चेंडू नसलेला माणूस

दहा वर्षं कॉन्व्हेंटच्या असेंब्लीत एक हात अंतर ठेवून उभा राहिलो, तेव्हापासून ‘शिस्त’ या शब्दाशी माझं वैर आहे. माणसात टॅलेंट पाहिजे, बाकी सगळं मास्तरांच्या समाधानासाठी, असं माझं ठाम मत होतं. ते डळमळलं चक्क अमेरिकन फुटबॉलमुळे!

माझा मामेभाऊ अटलांटाला जॉर्जिया टेकमधून एम.एस. करून आला (होस्टेलमधल्या निम्म्या जनतेचं स्वप्न!). तिथले कोच पॉल जॉन्सन २००८ ते २०१८ टीमला ‘ऑप्शन’ खेळवायचे. दादाने सुट्टीत लॅपटॉपवर व्हिडिओ लावून ते समजावलं. बचावातल्या दोघांना मुद्दाम कोणी अडवतच नाही. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन पहिल्याकडे बघतो. तो मधून घुसणाऱ्या फुलबॅकवर धावला, तर चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून पळायचं. नाहीतर फुलबॅकला द्यायचा. पुढे दुसरा अंगावर आला, की बाजूने पळणाऱ्या जोडीदाराकडे फेकायचा. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत, इनपुट तुम्हीच देता आणि आउटपुटने तुम्हीच मरता.

उपाय म्हणजे माणसं वाटून घ्यायची. एकाने फुलबॅक, एकाने क्वार्टरबॅक, एकाने बाहेरचा. चेंडू कुणाकडे का असेना, आपलाच माणूस धरायचा. ऐकायला सोपं आहे हो! पण चेंडू दहा फुटांवरून पळतोय, आपण गाठू शकतो हे पायांना कळतंय, आणि तरी रिकाम्या हाताच्या माणसावर जाऊन पडायचं. असं वीस वेळा, टाळ्या शून्य. एकविसाव्या वेळी वाटतं, जाऊ दे, आता चेंडूच धरू. नेमका तेव्हाच तो बाहेर फेकला जातो. गडी जितका वेगवान, तितका मोह मोठा.

२३ नोव्हेंबर २०१३ ला जॉर्जिया सदर्नने, म्हणजे खालच्या गटातल्या टीमने, बलाढ्य फ्लोरिडाला त्यांच्याच मैदानावर २६-२० हरवलं. पूर्ण मॅचमध्ये एकही पास यशस्वी नाही, पळून ४२९ यार्ड! फ्लोरिडाचे बरेच खेळाडू जखमी होते हे खरं, पण तरीही...

मी हार मानली नाही. म्हटलं, टॅलेंट काहीच नाही का? मग दादाने जानेवारी १९९६ चा फिएस्टा बोल लावला. नेब्रास्काचा टॉमी फ्रेझर एकट्याने ७५ यार्ड पळाला. फ्लोरिडाची माणसं त्याच्यापर्यंत पोचली होती, हातही लागले होते, पण तो कुणालाच आवरेना. जागेवर पोचून धरायची ताकद नसेल तर काय उपयोग?

मग त्याने सहज विचारलं, ‘‘अरे, तुमच्या गॅदरिंगच्या कबड्डीचं काय झालं?’’

मी डावा कोपरा होतो. शेवटच्या चढाईला साखळी सोडून एकटाच त्याच्या पायावर झेपावलो. चुकलो. माझ्या रिकाम्या कोपऱ्यातून दोघांना शिवून तो गेला. माझा रूममेट आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

यंदा पुन्हा कोपऱ्यात आहे. परवा सरावात चढाईवाल्याने पाय अगदी माझ्यासमोर नाचवला. मी हात धरून उभा राहिलो. पकड पलीकडच्याने केली, टाळ्याही त्यालाच!