हाताला काही लागलं नाही तरी

लघवीला लाल झालं, पण दुखलं नाही, असं सांगणारा पेशंट बहुधा पुढे म्हणतो, "उष्णता झाली असेल, डॉक्टर." सब्जा पिऊन झालेला असतो, आणि रक्त आपोआप थांबलेलंही असतं. मला भीती वाटते ती या थांबण्याची. मूत्राशयाच्या कॅन्सरमधलं रक्त असंच येतं-जातं.

मी पोट तपासतो, आणि सुरुवातीच्या आजारात हाताला काहीच लागत नाही. रिकामं मूत्राशय ओटीपोटात हाडामागे दडलेलं असतं. आतल्या अस्तरावरची फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी मऊ गाठ बाहेरून कळणार कशी? म्हणून 'पोट मऊ, गाठ नाही' एवढ्यावर कुणाला घरी पाठवणं मला मान्य नाही. दुर्बीण घालून आत पाहायलाच हवं.

तरी मी तपासतो. बोटांवर विडीचे पिवळे डाग आहेत का, हे पाहतो. काम काय करता, हेही विचारतो. फ्रांकफुर्टच्या लुडविग रेन या सर्जनने 1895 मध्ये रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमधला हा आजार मांडला, तेव्हापासून तो प्रश्न आम्हाला टाळता येत नाही. पापण्यांखालचा फिकटपणा, डाव्या गळपट्टीच्या हाडावरची गाठ, एकाच पायाला आलेली सूज पाहतो. या खुणा दिसल्या तर आजार बराच पुढे गेलेला असू शकतो.

हाताचं खरं काम मात्र ऑपरेशन टेबलावर असतं. भूल चढते, पोटाचे स्नायू सैल पडतात. मूत्राशय रिकामं करायचं, एक बोट गुदमार्गातून (बायकांमध्ये योनिमार्गातून), दुसरा हात ओटीपोटावर, आणि मधे मूत्राशय धरायचं. गाठ दुर्बिणीतून खरवडण्याआधी एकदा, नंतर एकदा. खरवडल्यावरही कठीण गोळा उरला, तर आजार स्नायू ओलांडून बाहेरच्या चरबीत गेल्याची शंका घ्यायची. त्याला आम्ही टी-3 म्हणतो. तो गोळा हलतो का, हे मी सावकाश पाहतो. हलला तर मूत्राशय काढण्याचा विचार करता येतो. कटीच्या भिंतीला घट्ट चिकटला असेल तर तो टी-4बी, आणि तिथे आधी सुरीचा विचार करत नाहीत.

स्थूल पेशंटमध्ये हात फसतो, खरवडल्यानंतरच्या सुजेने स्कॅनही फसतो. म्हणून ज्युनिअरला सांगतो, दोन्हींचं लिहा. आणि हाताचं लिहिताना आकार लिहा, बाजू लिहा, 'हलते' की 'हलत नाही' ते लिहा, तेही भूल उतरायच्या आत.